कर्करोगाचा एक गट साथरोगांच्या यादीत यावा : ठाणे महानगरपालिकेस खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त आणि आरोग्य विभागातील सर्व अधिकारी,
ठाणे महानगरपालिका, ठाणे.

विषय : विषाणूंमुळे होणारे कर्करोग आणि ते रोखण्यातील शहराचा वाटा

स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आरोग्य विभागाची माणसे घरोघर फिरून पाण्याची पिंपे आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, वस्त्यांतून धूरफवारणी होते, डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. कर्करोगाचा विचार मात्र आपल्या समाजात निराळ्याच ठिकाणी होतो. तो आजार झाल्यानंतर खर्चाचा, उपचारांचा, परळच्या किंवा खारघरच्या टाटा रुग्णालयात नंबर कधी लागेल याचा प्रश्न बनून समोर येतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, कर्करोगांपैकी एका मोठ्या गटाची सुरुवात संसर्गाने होते, त्यातले प्रमुख विषाणू आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, आणि म्हणून हा गट साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेच्या कक्षेत यायला हवा. लसीकरणाची सत्रे, प्रसूतिगृहांशी रोजचा संबंध, शाळांशी संपर्क आणि गल्लीबोळातल्या प्रत्येक घराची ओळख असलेल्या आशा सेविका ही सगळी साधने ज्या संस्थेपाशी एकत्र आहेत, ती महानगरपालिकाच आहे.

मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करून निवृत्त झालेली डॉक्टर आहे. गर्भाशयमुखाच्या स्रावाच्या काचपट्ट्या पाहण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला. त्या काचपट्ट्यांवर कधीकधी एक विशिष्ट पेशी दिसते : तिचे केंद्रक मनुक्यासारखे सुरकुतलेले असते आणि त्याच्याभोवती रिकामे, स्वच्छ वलय असते. एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, त्या पेशीत शिरून काम करू लागल्याची ती खूण असते. अशी पेशी दिसली म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. पण ज्या वाटेच्या शेवटी कर्करोग असू शकतो ती वाट इथे सुरू होते, आणि या टप्प्यावर त्या बाईला काहीही त्रास होत नसतो. पुढची कित्येक वर्षे तिच्यासाठी काही करण्याजोगे असते. ती आमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा ती वर्षे बहुधा संपलेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ सालासाठी मांडलेल्या हिशेबानुसार जगातील नव्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे जवळपास २२ लाख, संसर्गामुळे झाले होते. त्यात जठरातील हेलिकोबॅक्टर हा एक जिवाणू आहे. त्याच्याखालोखाल एचपीव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे तीन विषाणू येतात. भारतात गर्भाशयमुखाचा कर्करोग हा स्त्रियांमधील दुसऱ्या क्रमांकाचा कर्करोग आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात. या मृत्यूंपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या मुळाशी एचपीव्हीचा न हटलेला संसर्ग असतो.

विषाणूमुळे कर्करोग होतो हे मान्य करायला वैद्यकशास्त्रालाही फार वेळ लागला. पेटन राऊस यांनी १९११ साली कोंबडीच्या गाठीचा पेशीविरहित अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचून तशीच गाठ निर्माण होते असे दाखवले, आणि त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी. हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही १६ आणि पुढच्याच वर्षी एचपीव्ही १८ शोधून काढला, तोवर बहुतेक तज्ज्ञ त्या कर्करोगासाठी नागिणीच्या कुळातील एका विषाणूला जबाबदार धरत होते. आज आपल्याला ठाऊक आहे की या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये १६ आणि १८ हेच दोन प्रकार कारणीभूत असतात.

हे कसे घडते ते मी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या केंद्रांतील परिचारिका आणि आशा सेविका यांना ते नीट समजले तरच त्या घराघरांत नीट सांगू शकतील. गर्भाशयमुखाच्या अस्तरात पेशींचे थर असतात. सर्वांत खालच्या थरातील पेशी विभागतात, आणि वर सरकता सरकता विभागणे थांबवून परिपक्व होतात. एचपीव्ही बारीकशा खरचटीतून खालच्या थरात शिरतो. पण त्याला स्वतःच्या नव्या प्रती तयार करायच्या असतात त्या वरच्या थरात, जिथे पेशीने डीएनए लिहिण्याची यंत्रणा केव्हाच बंद केलेली असते. ती पुन्हा सुरू करण्यासाठी विषाणूपाशी दोन प्रथिने असतात. ई७ हे प्रथिन पेशीचे विभाजन रोखून धरणाऱ्या आरबी या प्रथिनाला निकामी करते. अशी अवेळी विभागू लागलेली पेशी एरवी पी५३ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या हुकमाने मरून गेली असती. म्हणून ई६ हे प्रथिन पेशीच्याच कचरा-यंत्रणेकडून पी५३ चा नाश करून घेते. थांबवणारा गेला आणि चूक झाल्यास पेशी संपवणाराही गेला, अशी ही अवस्था असते.

तरीही बहुतेक संसर्ग इथेच संपतात, एक-दोन वर्षांत शरीर त्यांना हटवते. शरीराला त्यासाठी वेळ लागतो, कारण हा विषाणू रक्तात उतरत नाही, पेशी फोडून बाहेर पडत नाही, दाह निर्माण करत नाही. प्रतिकारशक्तीला त्याची चाहूलच उशिरा लागते. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये तो वर्षानुवर्षे टिकतो, त्यांच्यातील काहींच्या पेशींत विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात घुसतो. तो तुटतो बहुधा ई२ या जनुकापाशी, आणि ई२ चे काम ई६ व ई७ यांना मर्यादेत ठेवण्याचे असते. ती मर्यादा संपली की ही दोन प्रथिने अखंड तयार होत राहतात, पेशी न थांबता विभागते, प्रत्येक विभाजनात झालेल्या चुका दुरुस्त न होता साठत जातात, आणि त्या चुकांतूनच पुढे शेजारच्या ऊतींत घुसण्याची व दूरच्या अवयवांत पसरण्याची क्षमता येते. निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या स्त्रीत या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला हा कर्करोग होण्याची शक्यता सहापट असते आणि तिच्या बाबतीत हा काळ ५ ते १० वर्षांवर येऊ शकतो. एचआयव्हीच्या औषधोपचारासाठी नियमित येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुखाची तपासणी त्याच भेटीत व्हावी, असा आग्रह मी धरते तो यामुळे.

या प्रक्रियेतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विषाणूचा डीएनए गुणसूत्रात असा अडकला की त्या पेशीतून सहसा नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. कर्करोग ही विषाणूच्या दृष्टीनेही पुढे न जाणारी वाट आहे. त्यातून त्याला काही साधत नाही. म्हणूनच विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, कर्करोग जात नाही. हे वाक्य आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात मोठ्या अक्षरांत लावावे, अशी माझी विनंती आहे. रुग्ण बाईचे ताट-वाटी वेगळे ठेवणे, नातवंडांना तिच्याजवळ न जाऊ देणे, तिने स्वयंपाकघरात यायचे नाही असे ठरवणे, हे प्रकार नौपाड्यातल्या सुशिक्षित घरांतही मी पाहिले आहेत आणि लोकमान्यनगरच्या चाळींतही. दुसरा त्रास याहून वाईट असतो. तपासणीत एचपीव्ही सापडला की घरात चारित्र्याची चर्चा सुरू होते. हा विषाणू लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना केव्हा ना केव्हा गाठतो, अनेक वर्षे गप्प राहून नंतर आढळू शकतो, आणि तो कधी आला हे कोणत्याही तपासणीतून सांगता येत नाही. अहवाल हाती देणाऱ्या परिचारिकेने हे नवऱ्याच्या देखत सांगायला हवे.

यकृताच्या कर्करोगाची गोष्ट निराळी आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी मारत नाही. त्या मारते ती विषाणू शोधत आलेली आपलीच प्रतिकारशक्ती. पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या तयार होतात, पुन्हा मरतात, आणि हे दशकानुदशके चालते. या चक्रात यकृत कडक होत जाते आणि प्रत्येक फेरीत जनुकीय चुकांना संधी मिळते. शिवाय हा विषाणूही आपला डीएनए यकृतपेशीच्या गुणसूत्रांत घुसवतो, त्यामुळे यकृत कडक झालेले नसतानाही कर्करोग होऊ शकतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतून आणि धान्यातून पोटात जाणारे अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष आणि दारू यांची जोड मिळाली तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

प्रौढ वयात हा संसर्ग झाला तर १०० पैकी ९५ हून अधिक जण त्यातून पूर्ण बरे होतात. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झाला तर १०० पैकी सुमारे ९० बाळांमध्ये तो कायमचा राहतो. चाळिशी-पन्नाशीत यकृताचा कर्करोग घेऊन आलेल्या पुरुषाला हा विषाणू अनेकदा जन्माच्याच दिवशी लागलेला असतो. यावरचा उपाय स्वस्त आहे आणि आपल्या लसीकरण कार्यक्रमात आहे : जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, आणि आई बाधित असेल तर त्याबरोबर, शक्यतो १२ तासांत, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन. तैवानने १९८४ साली नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकातच तिथल्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटलेले दिसले. एखादी लस प्रत्यक्ष कर्करोग कमी करते, याचा तो पहिला मोठा पुरावा होता. प्रसूती कुठेही होवो, महानगरपालिकेच्या प्रसूतिगृहात, कळव्याच्या रुग्णालयात किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या खासगी नर्सिंग होममध्ये, हे २४ तास पाळले गेले की नाही याची एकच नोंद शहरभर असावी आणि तिचा आकडा दर तिमाहीला नागरिकांसमोर यावा. रविवारी किंवा सुट्टीच्या रात्री जन्मलेल्या बाळाला हा डोस सोमवारच्या सत्रापर्यंत थांबून चालत नाही.

याच संदर्भात कावीळ उतरवणाऱ्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. ठाणे जिल्ह्यात माळ घालून किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवण्याची पद्धत आजही सर्रास आहे. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआपच जाते, आणि श्रेय माळेला मिळते. बी आणि सी प्रकारातही डोळ्यांचा पिवळेपणा जाऊ शकतो. विषाणू मात्र आतच राहू शकतो. मी लोकांच्या श्रद्धेवर बोट ठेवत नाही. माळ घातलेल्या माणसाच्याही रक्ताची एकदा तपासणी व्हावी, एवढेच आशा सेविकांनी घरी जाऊन समजावावे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून बी आणि सी या दोन्ही प्रकारांची तपासणी व औषधे मोफत मिळतात. हिपॅटायटिस सीवर लस नाही, परंतु साधारण १२ आठवडे गोळ्या घेतल्या की ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांमध्ये तो पूर्ण नाहीसा होतो. हा विषाणू १९८९ सालापर्यंत ओळखताच येत नसे, त्यामुळे त्यापूर्वी ज्यांना रक्त चढवले गेले त्यांच्यासाठी कोणतीही चाचणी झालेली असणे शक्यच नव्हते. असे ज्येष्ठ नागरिक, डायलिसिसवरचे रुग्ण आणि जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलेली माणसे यांच्यापासून तपासणीला सुरुवात करता येईल. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो, ही गोष्ट दाढीच्या वस्तऱ्याचे पाते न बदलणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला सांगितली गेली पाहिजे.

कर्करोगाशी संबंध असलेले आणखीही विषाणू आहेत. एपस्टीन-बार विषाणू ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो आणि फार थोड्यांत लिम्फ ग्रंथींचा, नाकामागच्या घशाचा किंवा जठराचा कर्करोग घडवतो. त्यावर आज लस नाही. त्याबाबत महानगरपालिकेने काही करावे असे मला सुचवायचे नाही. आणि विषाणूंची ही चर्चा कोणीही तंबाखूच्या बचावासाठी वापरू नये. आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगात तंबाखू, मिश्री, सुपारी आणि गुटखा हेच मुख्य गुन्हेगार आहेत.

तपासणीच्या बाबतीत आपल्याला परदेशातले दाखले शोधण्याची गरज नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश असलेला एक अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात होते. ज्या गावांतील स्त्रियांची आयुष्यात केवळ एकदा एचपीव्ही चाचणी झाली आणि गरजेनुसार उपचार झाले, त्या गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. चाचणीत विषाणू न सापडलेल्या स्त्रियांपैकी एकीचाही पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने मृत्यू झाला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानेच केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ग्रामीण मराठवाड्यात आणि मुंबईच्या वस्त्यांत जे साधले ते मुंब्रा, दिवा, वागळे इस्टेट आणि मानपाड्यात साधण्यासारखे आहे.

एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्रीला पडद्याआड स्वतः घेता येतो. ज्या बायका संकोचापोटी तपासणीच्या टेबलावर यायला तयार नसतात, त्यांच्यासाठी ही सोय निर्णायक ठरेल असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. मात्र चाचणीत विषाणू आढळलेल्या स्त्रीला पुढची तपासणी आणि उपचार त्याच आठवड्यात, शक्य तर त्याच ठिकाणी, मिळण्याची व्यवस्था आधी उभी राहिली पाहिजे. रोजंदारीवरची बाई एका कामासाठी तीन सुट्ट्या घेऊ शकत नाही. तिला दुसऱ्या तारखेला बोलावले की ती येत नाही आणि तिचा अहवाल फाइलीत राहतो. तपासणीपेक्षा या पाठपुराव्यावर अधिक पैसा खर्च झाला तरी तो योग्य ठिकाणी झाला असे मी म्हणेन.

शेवटी एचपीव्हीच्या लसीविषयी. ती मुलींना शासकीय कार्यक्रमातून मिळो वा खासगी दवाखान्यातून, पालकांच्या शंका त्याच असतात. या लसीत जिवंत विषाणू नसतो, विषाणूचा डीएनएही नसतो. त्याच्या बाह्य कवचाच्या प्रथिनाचे रिकामे गोळे असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्व्हाव्हॅक ही लस २०२२ साली मान्यता मिळालेली भारतीय लस आहे. स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींत पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. ९ ते १४ हे वय सुचवले जाते ते विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी संरक्षण मिळावे म्हणून, आणि त्यामागे दुसरा कोणताही अर्थ नाही, हे शाळेच्या पालकसभेत उघडपणे बोलायला हवे.

पालकांच्या मनात अविश्वास असेल तर त्यामागे इतिहास आहे, तो लपवू नये. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत या लसीचा एक प्रकल्प चालला होता. काही मुलींच्या मृत्यूनंतर तो थांबवला गेला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही, पण पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले, आणि तो दोष गंभीरच होता. त्याच वेळी बार्शी आणि पुण्यासह देशात अनेक ठिकाणी सुरू असलेला एक वेगळा अभ्यासही त्या स्थगितीत सापडला, आणि १७ हजारांहून अधिक मुलींपैकी सुमारे पाच हजार मुलींना ठरलेल्या डोसांऐवजी एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही. दहा वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली दिसून आले की, एका डोसनेही १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते. एक डोस पुरेसा ठरू शकतो, ही जगाने २०२२ साली स्वीकारलेली गोष्ट बऱ्याच अंशी आपल्या मुलींमुळे कळली. ठाण्यात संमतीपत्र मराठी, हिंदी आणि उर्दूत असावे, ते आई-वडिलांनी घरी नेऊन वाचावे, प्रश्न विचारण्यासाठी शाळेत एक डॉक्टर बसलेला असावा, आणि नकार देणाऱ्या पालकांच्या मुलीला वर्गात कोणी काही बोलू नये. या रीतीने वेळ अधिक लागेल. पण घाईने घेतलेल्या सह्यांची किंमत आपण एकदा मोजली आहे.

या सर्व कामांसाठी साथरोगांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एकाकडे विषाणूजन्य कर्करोगांची स्पष्ट जबाबदारी सोपवावी, अशी माझी मुख्य मागणी आहे. जन्मडोस, गरोदर मातांची हिपॅटायटिस बी तपासणी, तिशीपुढील स्त्रियांची एचपीव्ही तपासणी आणि शाळांतील लसीकरण या चारही गोष्टींचे आकडे एकाच टेबलावर यावेत. आशा सेविका आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी मी आणि माझ्यासारखे निवृत्त सहकारी विनामूल्य येऊ. काचपट्ट्या, चित्रे आणि एक सूक्ष्मदर्शक आम्ही सोबत आणू. आपण दिवस कळवावा.

आपली विश्वासू,
ठाण्यातील एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट